रांगेचं टोक

१

जून उजाडून दक्षिणेचा बोचरा वारा सुटला की समुद्रातले बोई मासे थव्याथव्यांनी ब्राझीलमधल्या लगूनाच्या खाडीत शिरतात, आणि खाडीच्या तोंडाशी माणसं रांग धरतात. छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारी चढवायच्या, खांद्यावर पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, घ्यायचा, कमरेइतक्या पाण्यात उतरायचं आणि गप्प उभं राहायचं. पाणी इतकं गढूळ की स्वतःचे गुडघे दिसत नाहीत, तिथे मासा काय दिसणार! म्हणून पाण्यात कोणी बघत नाही. बघायचं ते बोतोकडे.

बोतो म्हणजे खाडीतले डॉल्फिन. ते खालून बोईंचा थवा हाकत किनाऱ्याकडे आणतात, रांगेसमोर येतात आणि एकदाच डोकं वर काढून पाण्यावर आपटतात. तो इशारा. त्याच क्षणी पाग फेकायचा. जाळं पडलं की थवा फुटतो, भांबावलेले मासे वाट फुटेल तिकडे पळतात आणि थेट बोतोच्या तोंडात जातात. माणसाचं पोट भरतं, बोतोचंही भरतं. हे कोणी कोणाला शिकवलं, ते कोणालाच ठाऊक नाही. झेनिल्दाच्या आजोबांनीही हे असंच पाहिलं होतं.

झेनिल्दा त्या रांगेतली एकटीच बाई. वय एकोणपन्नास. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा त्यांचा पाग तिने खांद्यावर घेतला, त्याला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं ती रांगेच्या टोकाला, गंजक्या लोखंडी खांबापाशी उभी राहायची. ती जागा सगळ्यांत वाईट. पायाखालची वाळू तिथे लगेच खोल उतरते, आणि बोतो तिथवर क्वचित येतात. बाई आली म्हणून कोणी तिला हाकललं नव्हतं, पण जागाही कोणी सोडली नव्हती.

तिचे वडील, ओलिंपियो, रोज तिच्याबरोबर यायचे. एक्याऐंशी वर्षांचा म्हातारा, पाठीवर घोंगडी, मांडीत कॉफीचा थर्मास, आणि दगडी बांधाजवळ एक उलटा घातलेला लाकडी खोका, ती त्यांची बैठक. पाण्यावर पंख दिसला रे दिसला की त्यांची हाक यायची, "तोर्तो आला रे!" तोर्तो म्हणजे वाकडा, त्याच्या पंखाचं टोक एका बाजूला कललेलं. "सेलेस्तेबाई आल्या!" ही म्हातारी मादी. शाळेतल्या एका रागीट बाईंचं नाव तिला दिलेलं. प्रत्येक बोतोच्या पंखावर काहीतरी असतंच. कुणाला दात लागलेला, कुणाला जाळ्याची दोरी घासलेली, कुणाला होडीचा पंखा लागलेला. खाडीत राहायचं म्हटल्यावर अंगावर काहीतरी उमटणारच.

त्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस वादळ झालं. चौथ्या दिवशी सकाळी पाणी शांत झालं आणि एक पंख वर आला. तो सरळ झेनिल्दासमोर येऊन थांबला.

म्हाताऱ्याची हाक आली नाही.

झेनिल्दाने पाहिलं. पंख नितळ होता. एक ओरखडा नाही, एक खाच नाही, धुऊन पालथ्या घातलेल्या ताटलीसारखा. मग त्याने डोकं वर काढलं आणि आपटलं. तिचे हात सवयीने चालले. दातात धरलेली जाळ्याची कड सुटली, पाग गरगरत उघडला आणि पडला. ओढताना तिचे खांदे दुखले. बावीस बोई निघाले.

त्या दिवशी रांगेतल्या बाकी कोणालाही शेपूट दिसलं नाही.

२

तो रोज येऊ लागला. रांगेपुढून सरळ टोकाकडे जायचा, झेनिल्दापुढे थांबायचा, इशारा करायचा. तिचा पाग रोज भरायचा.

तिच्या शेजारी तिचा मावसभाऊ लाउदेलिनो उभा असायचा. तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, पोटाने जाड, तोंडाने सैल. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "झेनी, जीव जडलाय त्याचा तुझ्यावर. लग्नाचं विचार की."

"तुझ्या बायकोला विचारते आधी. माशाशी संसार कसा करायचा ते तिला माहीत."

सगळी रांग हसली. इव्हाल्दो नावाचा रांगेतला जुना गडी, जो अकरा वर्षांत तिच्याशी अकरा वाक्यं बोलला नसेल, तोसुद्धा बाहेर पडताना थांबून म्हणाला, "चांगला फेकतेस पाग. म्हाताऱ्याचा हात आहे तुझ्यात." घरापर्यंतच्या वाटेत झेनिल्दाने ते वाक्य चार वेळा मनात म्हणून पाहिलं. आता रांगेत ती उतरली की माणसं वळून बघत होती. हे सुख तिला नवीन होतं.

पाचव्या दिवशी दुपारी ती आणि वडील जेवायला बसले. तळलेली बोईची तुकडी, त्याच्याच अंड्यांची गाबोळी, आणि माशाच्या रश्श्यात मांडियोक कंदाचं पीठ घोटून केलेलं पिरांव. म्हातारा नुसतं पिरांव बोटाने फिरवत होता.

"झेनी," म्हाताऱ्याने विचारलं, "तो खातो का गं?"

"कोण?"

"तुझा तो. तू पाग टाकतेस, थवा फुटतो. फुटलेले मासे तो धरतो का?"

पाच दिवसांत तिने ते पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे बघायची गरजच नसते. जाळं पडलं की तोर्तो तर पाणी घुसळून काढतो, सेलेस्तेबाई बोई हवेत उडवून धरते, अंगावर पाणी उडतं, कानठळ्या बसतात. हा मात्र इशारा करायचा आणि जिथल्या तिथे उभा राहायचा. पाण्याखाली एक काळसर लांबोडं अंग, तिच्याकडे तोंड करून. ती जाळं ओढून मासे काढेपर्यंत तो तिथेच असायचा.

"खात असेल खाली खाली," ती म्हणाली. "पाणी गढूळ आहे. आपल्याला काय दिसणार?"

"हं."

"किंवा बाहेर समुद्रात पोट भरून येत असेल."

"मग इकडे कशाला येतो?" म्हाताऱ्याने ताटली बाजूला सारली. "साठ वर्षं बघतोय मी त्यांना. बोतो काही आपला गडी नाही. त्याला मिळतं म्हणून तो येतो. न मिळता कोणी एवढी मेहनत करत नाही."

झेनिल्दा भांडी घेऊन उठली. नळाखाली हात धरल्यावर तिच्या लक्षात आलं की आणखी एक गोष्ट होती. बोतो वर आला की श्वास सोडतो, फुस्स करून, भिजलेल्या माणसाने शिंकावं तसा. धुक्यात तर त्या आवाजावरूनच ते कुठे आहेत ते कळतं. याचा आवाज तिने ऐकला होता का? ती नळ बंद करून आठवत उभी राहिली. वारा असतो, लाटा असतात, शेजारी लाउदेलिनोची बडबड असते. ऐकू येणार तरी कसं!

तिने स्वतःची समजूत घातली आणि भांडी पुसायला घेतली.

३

मग बाकीचे बोतो यायचे थांबले.

आधी सेलेस्तेबाई दिसेनाशी झाली, मग तिची पिल्लं, मग तोर्तो. आठ दिवसांत खाडीच्या तोंडाशी तो एक नितळ पंख उरला. रांगेतली माणसं दुपारपर्यंत रिकाम्या हाताने उभी राहत आणि चिडून बाहेर पडत. आता कोणी झेनिल्दाची थट्टा करत नव्हतं. ती मासे वाटून द्यायची, पण दिलेला मासा घेताना माणसं तिच्या डोळ्याला डोळा भिडवत नसत.

त्या दिवसांत खाडी फार शांत झाली होती. सीगल पक्षीसुद्धा पलीकडच्या काठावर जाऊन बसले होते. पाण्यात उभं असताना झेनिल्दाला स्वतःच्या विजारीचं रबर करकरताना ऐकू यायचं.

एका सकाळी तिने घरी येऊन विजार दोरीवर वाळत घातली. खारट पाण्याची पांढरी रेघ रबरावर उमटते, जितक्या पाण्यात उभं राहावं तितक्यावर. तिची रेघ नेहमी कमरेपाशी असायची. आज ती छातीच्या वर, पट्ट्यांच्या बकलापर्यंत गेली होती. तिच्याखाली आणखी रेघा होत्या, एकीखाली एक. दर दिवशीची चार बोटं वर.

वाळू सरकली असेल, तिने विचार केला. वादळानंतर सरकतेच. खांब तिथेच आहे, मी खांबापाशीच असते.

"बाबा, मी आज कुठे उभी होते?"

म्हातारा खुर्चीत पाय शेकत बसला होता.

"खांबाच्या पुढे," तो म्हणाला. "वीसेक पावलं पुढे."

"काहीतरीच! तिथे मी बुडेन."

"तेच म्हणतोय मी. तो इशारा करतो, तू टाकतेस, ओढतेस. मग तो थोडा मागे सरतो आणि तू एक पाऊल पुढे जातेस. रोज. आज मी तुला हाका मारल्या, झेनी. उभा राहून मारल्या. लाउदेलिनोनेही मारल्या. तू मान वळवली नाहीस."

"मला काही ऐकू आलं नाही."

"ते दिसलं मला."

चुलीवरचं आधण उकळून झाकणाखालून वाजत होतं. झेनिल्दाने ते उतरवलं नाही. तिला पाण्यातली सकाळ आठवून बघायची होती. थंडी आठवली, पागाचं वजन आठवलं, समोरचं काळसर अंग आठवलं. पण पावलं टाकल्याचं आठवेना. तिला भीती वाटली ती त्या न आठवण्याची.

"उद्या मी जात नाही," ती म्हणाली.

"परवाही जाऊ नकोस," म्हातारा म्हणाला.

संध्याकाळी लाउदेलिनो फाटकाशी आला. तिने त्याला सगळं सांगितलं, रेघासुद्धा दाखवल्या. त्याने विजारीवर बोट फिरवलं आणि तो हसला.

"म्हणजे उद्या खांबापाशी जागा रिकामी?"

"लाउदे, मी काय सांगतेय?"

"ऐकलं ना! वाळू खचतेय. मी तुझ्याहून वीतभर उंच आहे आणि माझ्या पोटाने मी तरंगतो." मग तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "झेनी, दहा दिवस घरात मासा नाही माझ्या. आदेलिया तोंडाने बोलत नाही, पण कढई आपटते. एक दिवस मलाही भरू दे की पाग."

"मग मी देते ना मासे."

"दिलेले नकोत गं," तो म्हणाला. अकरा वर्षं टोकाला उभी राहिलेल्या झेनिल्दाला ते समजलं. आणि समजलं म्हणूनच ती फार अडून बसली नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती घरात होती. तिने गाबोळीला मीठ लावलं, ओटा घासला, कोंबड्यांना दाणे टाकले. नऊ वाजेपर्यंत तिने तीन वेळा दाराबाहेर येऊन पाहिलं. खाडीवर धुकं बसलं होतं, ऊन वर येऊनही विरत नव्हतं. तिने म्हाताऱ्याला सांगितलं, "मी नुसती बघून येते. पाण्यात पाय घालत नाही." ती जवळजवळ धावतच गेली.

रांग मोडली होती. सगळे किनाऱ्यावर येऊन विजारी उतरवत होते. इव्हाल्दो वाळूवर बसून सिगारेट ओढत होता.

"लाउदेलिनो?"

त्याने हनुवटीने दाखवलं. "येत नाही तो. दोन पाग भरून काढले, आता तिसऱ्याला थांबलाय."

धुक्यात लाउदेलिनोची पाठ दिसत होती. खांबाच्या खूप पुढे. पाणी काखेपर्यंत, पाग डोक्यावर उचलून धरलेला. त्याच्या समोर काहीच नव्हतं. नुसतं पाणी आणि पुढे धुकं. झेनिल्दाला आधी बरं वाटलं, की बोतो निघून गेला, आता येणार नाही.

मग तिला तो दिसला. तो लाउदेलिनोच्या मागे होता. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मधे.

नितळ पंख डावीकडून उजवीकडे गेला, वळला, उजवीकडून डावीकडे आला. घाई नाही, खळबळ नाही. दर फेरीला तो जरासा पुढे येत होता, आणि दर फेरीला लाउदेलिनो एक पाऊल खोल जात होता. असं तिने हजार वेळा पाहिलं होतं. पण ते उलट दिशेने, समुद्राकडून किनाऱ्याकडे. तोर्तो असंच करायचा, सेलेस्तेबाई असंच करायची. थव्याला कळू न देता, थव्याला वाटावं की आपणच निघालोय.

तिला जे समजलं ते तिच्या डोक्याने घेतलं नाही. तिचे पाय पळाले. ती चपलांसकट गुडघाभर पाण्यात गेली आणि ओरडली, "लाउदे! मागे फिर! लाउदे!" वाळूवरची माणसं उठून उभी राहिली. लाउदेलिनोने मान वळवली नाही.

बोतो थांबला. त्याने डोकं वर काढलं. त्याचं तोंड किनाऱ्याकडे नव्हतं. ते बाहेर होतं, धुक्याकडे, जिथे खाडी संपते आणि समुद्र लागतो. तिकडे बघून त्याने डोकं एकदाच पाण्यावर आपटलं.

झेनिल्दाचे दोन्ही हात आपोआप वर गेले. नसलेला पाग फेकायला बोटं उघडली.

आणि मग तो आवाज आला. पाग पडतो तेव्हा कडेच्या शिशाच्या गोळ्या एकाच वेळी पाण्याला लागतात, मूठभर गारा पडाव्यात तशा. तोच आवाज. पण तो मूठभर नव्हता. तो खाडीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पसरला. तिच्यापुढे दहा पावलांवर पाणी टोचल्यासारखं उडालं, आणि त्या टोचांची रेघ वळत वळत धुक्यात शिरली, पार पलीकडून फिरून पुन्हा आली. एक गोल. वर, धुक्यात, क्षणभर काहीतरी ताणलेलं होतं. त्याच्या आरपार ऊन चौकटी-चौकटींनी पडलं, आणि त्या चौकटींच्या सावल्या पाण्यावरून आणि लाउदेलिनोच्या पाठीवरून खाली सरकल्या.

पाणी आत ओढलं गेलं. लाउदेलिनो नव्हता. तो ओरडला नाही.

बोतो आता एकदम चपळ झाला. त्या गोलाच्या कडेने त्याने इकडे झडप घातली, तिकडे झडप घातली, जसा कुठलाही बोतो घालतो, निसटलेलं धरायला. काय निसटत होतं ते झेनिल्दाने बघितलं नाही. तिने डोळे गच्च मिटले. पण कान मिटता येत नाहीत, आणि तिने पहिल्यांदाच त्याचा श्वास ऐकला.

५

अग्निशमन दलाच्या दोन बोटी दोन दिवस फिरल्या. पाग सापडला नाही, विजार सापडली नाही, माणूस सापडला नाही. वाळूचा कडा खचला, विजारीत पाणी भरलं, दगडासारखा तळाला गेला असणार, ओहोटीने बाहेर नेला असणार, असं ठरलं. पोलिसाने झेनिल्दाला विचारलं तेव्हा तीही म्हणाली, "विजारीत पाणी भरलं." बोलताना तिला ते खरं वाटलं. धुकं दाट होतं, ती घाबरलेली होती, एकदम लाट आली असेल.

इव्हाल्दोही म्हणाला, "लाट आली." वाळूवर उभे असलेले सगळे तेच म्हणाले, एकाच शब्दांत. मग कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी तोर्तो परत आला. चौथ्या दिवशी सेलेस्तेबाई, पिल्लांसकट. आणि बोई! म्हाताऱ्या माणसांना आठवेना इतके बोई खाडीत शिरले. पाण्याचा रंग बदलला. रांगेतला एकही पाग रिकामा येईना. बोतोंची पोटं तुडुंब, माणसांच्या टोपल्या तुडुंब. गावात घरोघरी गाबोळी वाळत पडली. माणसं जातायेता लाउदेलिनोच्या बायकोच्या, आदेलियाच्या, फाटकाला मासे लटकावून जात. ती ते घेत असे, काय करणार!

झेनिल्दा पाण्यात उतरली नाही. ती छपरीत बसून मासे साफ करायची. इव्हाल्दो एकदा आला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, "रांगेत ये की. मधे जागा देतो तुला. माझ्या शेजारी."

अकरा वर्षं जे ऐकायची तिला इच्छा होती ते हेच. तिने मान हलवली. तिने पाहिलं होतं की खांबापाशी आता कोणीच उभं राहत नव्हतं. रांग त्याच्या दहा पावलं अलीकडे थांबायची.

६

पुढच्या वर्षी जून कोरडा गेला. बोतो तुरळक, मासा त्याहून तुरळक. मग शेवटच्या आठवड्यात तीन दिवस वारा घोंगावला आणि चौथ्या दिवशी सकाळ निवळली.

म्हाताऱ्याला ऊन हवं होतं म्हणून झेनिल्दा त्याला धरून बांधापर्यंत घेऊन गेली. रांग लागलेली होती. रांगेपुढून एक नितळ पंख हळूहळू जात होता. सगळ्यांनी तो पाहिला होता. ते त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

किनाऱ्यावर एक अनोळखी माणूस विजारीचे पट्टे आवळत होता. वर डोंगराकडच्या गावातला, ट्रक चालवून निवृत्त झालेला, नेल्सिओ नावाचा. मुलीकडे आलो होतो, म्हणाला, हे बघायची फार वर्षांची हौस. नवा कोरा पाग होता त्याच्याकडे. त्याने रांगेला हसून विचारलं, "काय मंडळी, नवख्याने कुठे उभं राहायचं?"

पाणी वाजत राहिलं. मग इव्हाल्दोने, पाण्यावरची नजर न उचलता, हात लांब केला. "तिथे. त्या खांबापाशी. चांगली जागा आहे."

नेल्सिओ आभार मानून पाण्यात शिरला.

झेनिल्दाला वाटलं, आपण काही बोलू नये. ही तिची पहिली भावना होती आणि ती तिने नंतर कधी नाकारली नाही. गावाला मासा हवा होता. तो माणूस कोणाचा कोण होता. तिने वडिलांकडे पाहिलं, ते जमिनीकडे बघत होते. मग ती धावली, घोट्यापर्यंतच्या पाण्यात जाऊन तिने नेल्सिओच्या विजारीचा पट्टा मागून पकडला आणि ओढला.

"बाहेर या."

"अहो बाई, काय करताय—"

"बाहेर या म्हणते ना! मुलीकडे जा. आत्ता." तिचा चेहरा पाहून तो बाहेर आला. पाग गोळा करून, तिच्याकडे वळून वळून बघत, तो रस्त्याला लागला.

ती रांगेकडे वळली. "तुम्हीही निघा. इव्हाल्दो, सगळे निघा. तुम्हाला माहीत आहे."

कोणी निघालं नाही. सगळे तिच्याकडे बघत होते आणि त्या नजरांत राग नव्हता. त्यात तिला पुढे काय ते विचारत असल्यासारखं काहीतरी होतं. पंख रांगेपुढून गेला, वळला, परत आला. तेव्हा खांबाकडच्या बाजूचा शेवटचा गडी दोन पावलं सरकून शेजाऱ्याच्या आत घुसला. आता शेजारी शेवटचा झाला. त्याने खाली पाहिलं, आणि तोही आत सरकला. मग तिसरा. रांग आक्रसत होती, माणसं एकमेकांना खांदे लावत होती, कोपरांनी ढकलत होती, आवाज न करता. एक जण आत शिरला की दुसरा टोकाला उरत होता. आणि पाण्याबाहेर कोणी येत नव्हतं, कारण पंखापुढे पाणी बोईंनी खदखदत होतं.

"चल," म्हातारा म्हणाला. "चल झेनी, घरी चल."

ती त्याला धरून निघाली. बांध ओलांडताना मागे पाण्यावर काहीतरी एकदा आपटलं. दोघांनी मागे पाहिलं नाही. म्हाताऱ्याची बोटं तिच्या दंडात रुतली, त्याचे वळ दोन दिवस राहिले.

संध्याकाळी ऊन उतरताना फाटक वाजलं. इव्हाल्दो होता. आंघोळ केलेला, केस चापून बसवलेले. त्याने पायरीवर दोन मोठे बोई ठेवले, गाबोळीने पोटं फुगलेले.

"आज सगळ्यांना मिळाले," तो म्हणाला.

"सगळ्यांना?"

तो माशांकडे बघत राहिला. आतून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू आला.

"जे परत आले त्यांना सगळ्यांना," तो म्हणाला, आणि फाटक न लावता निघून गेला.

झेनिल्दा बराच वेळ दारात उभी होती. मग ती वाकली, दोन्ही मासे उचलले आणि आत नेले.